डावखुरं धनुष्य आणि दुर्गाबाईंची अट

या माउली, असे दाराशी नका बसू. पुढं सरका, पंख्याखाली जागा आहे. चपलांची काळजी सोडा, त्यांच्यावर माझी नजर आहे. मृदंगवाल्याची मोटारसायकल अंबडच्या रस्त्यावर पंक्चर झाली असा आत्ताच फोन आला, म्हणजे कीर्तनाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक कथा सांगतो. गादीवरची नव्हे, सतरंजीवरची. हिच्यात एक स्वयंवर आहे, एक युद्ध आहे, पाण्याचा प्रलयसुद्धा आहे. नायक मात्र माणूस नाही. नायक आहे एक हात, आणि तोही डावा.

हात माझा. मी रामप्रसाद, एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळतो. पोटासाठी गोदाम आणि जिवासाठी कीर्तन. जालन्यात कुठंही टाळ वाजला की माझी सायकल आपोआप तिकडं वळते. पण मी पडलो डावखुरा. लहानपणी मारून मारून जेवायला आणि लिहायला उजवा हात शिकवला, बाकी सगळा कारभार डाव्याकडंच राहिला. कीर्तनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, तुम्हाला ठाऊकच आहे. पावली खेळताना सगळ्या मंडळाचा उजवा पाय पुढं येतो तेव्हा माझा डावा येतो. दोन-तीन जणांची नखं गेल्यावर मंडळानं मला रांगेच्या टोकाला, खांबाशेजारी उभं केलं. खांब सोशिक आहे. त्याची काही तक्रार नाही.

तर एके दिवशी कारखान्यातून घरी आलो. आमची नात आकांक्षा, म्हणजे आकू, साडेचार वर्षांची पोर, खिचडी खाण्याऐवजी सांडत होती. तिच्या डाव्या हाताला जुन्या ओढणीचं फडकं गुंडाळलेलं, वर सुतळीची गाठ. मला वाटलं भाजलं.

"काय झालं हो हाताला?"

"काही झालं न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. दुर्गाबाई म्हणजे आमच्या सौभाग्यवती. "होऊ नये म्हणून बांधलाय. पोरगी सगळं डाव्या हातानं करून राह्यली. घास डावा, खडू डावा. काल देवाला फूल वाह्यलं तेबी डाव्यानं. उद्या सासरचे काय म्हणतील?"

"सासर? अजून तिचे दुधाचे दात पडायचेत."

"तुमच्यावर गेली ती. तुमच्या आईनं येळेवर हात बांधला असता तर..."

"बांधला होता की!"

"मंग सैल बांधला आसंल."

पोरीचे आई-बाप दोघंही नोकरीवाले, दिवसभर ती आजीच्या हवाली. सुनेनं एकदा विषय काढून पाहिला, तर दुर्गाबाईंनी तिला दोन वेळचा स्वयंपाक आणि पोर दोन्ही सांभाळून दाखव म्हणून सांगितलं. विषय मिटला. पण आकू दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. एरवी ती एवढी बोलायची की दूरदर्शन बंद आहे हे कळायचं नाही. आता नुसती कोपऱ्यात बसून सुतळीच्या गाठीकडं बघायची. मला माझं लहानपण आठवलं.

शेवटी मी म्हणालो, "दुर्गाबाई, देवानं दिलेला हात आहे तो. सोडा त्याला."

"देवानं दिला तर त्या हातानं एक तरी नाव घेण्यासारखं काम करून दाखवा तुम्ही. दसऱ्यापर्यंत. दाखवलं तर फडकं काढते. न्हाई तर शाळेत नाव घालेपर्यंत राहील ते."

हीच ती अट. दसऱ्याला अडीच-तीन महिने होते. आणि पन्नाशी ओलांडलेल्या गोदामवाल्याला डाव्या हातानं नाव घेण्यासारखं कोणतं काम येतं, हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

पांडुरंगाला काळजी असते. दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला मैदानावर गेल्तो. तिथं एक पोरगी मुलांना तिरंदाजी शिकवून राह्यली होती. मी बाकावर टेकून पाण्याची बाटली उघडली, तर ती लांबूनच ओरडली, "काका, तुम्ही डावखुरे का?"

"तुला कसं कळलं?"

"झाकण डाव्या हातानं खोललं ना तुम्ही. मीबी डावखुरी."

ही आसिफा. शाळेत खेळाची शिक्षिका, आणि सकाळी मैदानावर मुलांची कोच. तिनं सांगितलं की उजव्या माणसाचं धनुष्य डाव्या हातात धरायचं आणि दोरी उजव्यानं ओढायची. आपलं बराबर उलटं. धनुष्याची मूठच तशी कापलेली असते, म्हणून एकाचं दुसऱ्याला चालत नाही. आणि तिचं पहिलं धनुष्य, डावखुरं, कपाटात नुसतं पडून होतं. जिल्ह्यात दुसरा डावखुरा शिकाऊ तिला भेटलाच नव्हता.

"शिकता का, काका?"

माउली, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्या डावेपणामुळं बोलावलं होतं. मी हो म्हणालो, आणि मगच धनुष्याकडं पाहिलं.

देव्हाऱ्यातल्या तसबिरीत असतं तसं ते नव्हतं. दोन टोकांना दोन चाकं, तीन-तीन दोऱ्या, मध्ये दुर्बिणीसारखी एक नळी. आमच्या कारखान्यातल्या पोती शिवायच्या मशीनची थोरली बहीणच जणू. याला कंपाउंड म्हणतात. ओढताना पहिल्यांदा जीव जातो. दात आवळले जातात, सगळे पूर्वज डोळ्यांपुढून जातात. पण आसिफा म्हणाली, "अजून थोडं, काका, थोडंच," आणि शेवटच्या वितीत चाकं फिरली, भार एकदम उतरला. दोरी गालाशी येऊन अशी अलगद थांबली, जसं मांजर मांडीवर बसतं. मी तर थक्कच झालो. नामस्मरणाचं हेच तर आहे! सुरुवातीला जड, शेवटी आपोआप. मी तिथल्या तिथं आसिफाला यावर छोटंसं निरूपण केलं. तिनं ते ऐकलं आणि म्हणाली, "बिलकुल बरोबर, काका. आता बाण सोडा, मागं पोरं लायनीत उभी आहेत."

मी "विठ्ठल!" असं गर्जून बाण सोडला. बाण टार्गेटच्या वरून मागच्या मातीच्या बांधात गेला. शेजारच्या पोरानं दचकून स्वतःचा बाण बुटाजवळ पाडला.

"काका, देवाचं नाव मनात," आसिफा म्हणाली.

मनात घ्यायला मला पुढं बरेच दिवस लागले. ओठ मिटले तर भुवया गर्जायच्या.

पहिल्या आठवड्यात दोरीनं माझ्या उजव्या हाताची पार लोणच्याची कैरी करून टाकली. धनुष्य धरलेला हात वाकवून धरला की दोरी सुटताना कोपराच्या आतल्या बाजूला सपकन बसते. निळे-हिरवे वळ घेऊन कारखान्यात गेलो. वॉचमननं हाताकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी?" मी म्हणालो, "न्हाई हो, धनुष्य." तो फार समजूतदारपणे हसला. दुपारपर्यंत सगळ्या पाळीला कळलं की घरी काहीतरी बिनसलंय. संध्याकाळी साहेबांनी बोलावून दोन दिवस रजा घ्या म्हणून सुचवलं.

कॉलनीत सल्ल्यांना तर ऊत आला. शेजारचे कारभारी, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, रोज गच्चीवरून ओरडून विचारायचे, "रामप्रसादजी, नेम एका डोळ्यानं का दोन डोळ्यांनी?" मी एका म्हणालो की ते दोन म्हणायचे. दोन म्हणालो की म्हणायचे, "तिथंच तुमचं चुकून राह्यलंय." एकानं छातीला एरंडेल चोळायला सांगितलं. एकानं बाणाच्या टोकाला लिंबू लावून बघा म्हणून सांगितलं. समोरच्या आजींनी मात्र अत्यंत गंभीरपणे विचारलं, "शत्रू कोण हाये?" त्याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतं.

आणि मग प्रलय आला. मैदानावर रोज जायला वेळ पुरेना, म्हणून एका रविवारी मी गच्चीवर बियाण्यांच्या रिकाम्या पोत्यात भुसा भरून टार्गेट केलं. आसिफाला विचारलं नाही. ती नाही म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणूनच नाही विचारलं. बाण पोत्याच्या अगदी जवळून गेला, हे मी अभिमानानं सांगतो. पण गेला तो थेट कारभारींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. एका बाजूनं आत, अर्धा बाहेर.

जालनेकरांना टाकी फुटणं म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. आमच्या गल्लीत नळ येतो तेव्हा लोक नवरदेव आल्यासारखे बाहेर येतात. त्यादिवशी सकाळीच नळ येऊन गेला होता. कारभारींची टाकी काठोकाठ भरली होती, आणि आता बाणाच्या कडेनं एक सुंदर धार गल्लीत पडत होती. गल्लीतल्या बायका क्षणात बादल्या, हंडे, कुकर घेऊन धारेखाली उभ्या राहिल्या. कारभारी वरून ओरडत होते, "अरे माझं पाणी!" आणि खालून आवाज येत होता, "कारभारी, जरा धार इकडं वळवा की!"

दुर्गाबाईसुद्धा हंडा घेऊन उभ्या होत्या. भरलेला हंडा कमरेवर घेऊन घरात जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "हे झालं का नाव घेण्यासारखं काम?"

कॉलनीची बैठक झाली आणि माझ्यावर गच्चीबंदी आली. आसिफा तर इतकी रागावली की तिचं मराठी संपून तिला उर्दूत शिरावं लागलं. त्यातलं मला 'तौबा' तेवढं कळलं, आणि मी ती केली.

मग सराव कुठं करायचा? धावड्याला आमचं गाव, शेताची मोकळी जागा, मागं टेकडी. आसिफा स्वतः एका रविवारी येऊन जागा पाहून गेली आणि एकट्यानं सरावाची परवानगी दिली. तेव्हा धनुष्य चादरीत गुंडाळून मी एसटीत बसलो. कंडक्टरनं चादरीकडं बोट दाखवलं.

"यात काय हाये?"

"धनुष्य."

"हत्यार एसटीत चालत न्हाई."

"हत्यार न्हाई हो, खेळाचं सामान."

"मंग चाकं कशाची? चाकं असली की वाहन होतं." त्यानं तिकिटाच्या मशीनची सगळी बटणं दाबून पाहिली. मागून एक आजोबा म्हणाले, "वाद्य म्हणून लाव, तारा हायेत त्याला." शेवटी ते वाद्य ठरलं. भोकरदनच्या पुढं दोन प्रवाशांनी मला एखादी गवळण वाजवून दाखवा म्हणून आग्रह केला.

धावड्यात तेव्हा सप्ताह चालू होता. आता सप्ताह चालू असताना मी शेतावर जाऊन सराव करीन असं ज्याला वाटतं, त्यानं मला ओळखलं नाही. धनुष्य पुतण्याच्या घरात खुंटीला अडकवलं आणि मंडपात जाऊन बसलो. पुतण्या पप्पू. व्यायामशाळेत कमावलेलं शरीर, आणि सप्ताहाच्या लाउडस्पीकरचा कारभार त्याच्याकडं. दुपारची कथा होती दैवशालाताईंची. काय गोड गळा, माउली! त्यादिवशी आख्यान होतं स्वयंवराचं. मध्यंतरात ताकाची वाटणी होती, ती सेवा मी मागून घेतली आणि मंडपामागं गेलो. तेवढ्यात पप्पूला बुद्धी सुचली.

मी ताकाचा डेरा घुसळून राह्यलो होतो आणि लाउडस्पीकरवर ताईंचा आवाज आला, "बघा, आजच्या कथेला देवानंच खरंखुरं धनुष्य पाठवलंय!"

माझ्या हातातली रवी थांबली.

वाकून पाहिलं तर गादीपुढं चौरंग, चौरंगावर झेंडूचे हार घातलेलं माझं धनुष्य. माझं कसलं, आसिफाचं! ताई सांगत होत्या, देशोदेशीचे राजे आले, कुणाला धनुष्य हललं नाही; आणि म्हणाल्या, गावातल्या राजांनीही हात लावून पाहावा. झालं! सरपंच उठले. त्यांनी डाव्या हातात धरलं, उजव्यानं ओढलं, दोरी दोन बोटंसुद्धा आली नाही. मग माजी सरपंचांना आग्रह झाला. ते आजी सरपंचांच्या नंतर यायला तयार नव्हते, त्यांची समजूत घालण्यात एक भजन झालं. त्यांनाही जमेना. डेअरीचे चेअरमन म्हणाले, "जाम झालंय, तेल पाहिजे." मंडप हसून हसून लोळत होता.

मी धावलो. पण डेऱ्यापासून गादीपर्यंत सगळं गाव मांडी घालून बसलेलं. "थांबा! थांबा!" मी ओरडलो. लोकांना वाटलं मी रंगात आलोय, त्यांनी टाळ्या वाढवल्या. मृदंग चढला. आणि पप्पू उठला. त्यानं दंडावरची बाही सरकवली, धनुष्य उचललं, ओढलं, अजून ओढलं. चाकं फिरली, दोरी त्याच्या कानापाशी आली. ताई टिपेला गेल्या, "आणि प्रभूंनी दोरी खेचली, अन्..."

पप्पूनं दोरी सोडली. बाण न लावता.

माउली, कंपाउंडला हे एकच सहन होत नाही. बाण नसला की सगळा जोर त्याच्याच अंगावर येतो. कडाड! वरचं वाकणारं पातं चिरलं, दोऱ्या लोंबल्या, आणि एक चाक घरंगळत बायकांच्या बाजूला गेलं.

आणि मग असा जयजयकार झाला की टेकडीवरचे मोर ओरडले. ज्या ओळीला मोडायचं त्याच ओळीला मोडलं! लोकांनी फुलं उधळली, पप्पूला हार घातले. एका म्हाताऱ्या आजीनं चाकाला कुंकू लावून ते डोक्याला टेकवलं. मी मंडपाच्या मध्यभागी उभा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारचा म्हणाला, "भाव बघा रामप्रसादचा! शहरात राहूनबी कोरडा झाला न्हाई."

कथा संपल्यावर पप्पूला कोपऱ्यात घेतलं. "गाढवा, बाण न लावता दोरी सोडत असतात का?"

"पण काका," तो हार सावरत म्हणाला, "कथेत तरी कुठं बाण लावला होता?"

मी तोच प्रश्न दैवशालाताईंपुढं नेला. त्या बिचाऱ्या हात जोडून म्हणाल्या, "काका, हे कुणाचं होतं?" तेव्हा मला पुन्हा रडू आलं.

ते तुकडे चादरीत घेऊन मी आसिफापुढं उभा राहिलो. सगळं सांगितलं. ती बराच वेळ चिरलेल्या पात्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "कुणाला लागलं तर न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग शुक्र आहे." आणि थोड्या वेळानं, "याच्यावर मी शिकले, काका. अब्बूंनी आणलं होतं. मोहल्ल्यात सगळे म्हणायचे, आधी पोरीचा हात सुधारा."

जमिनीत जायला जागा नव्हती, मैदानाची माती फार कडक.

धनुष्याच्या कंपनीकडं दुरुस्तीचा अर्ज करायचा ठरलं. त्यात 'मोडण्याचे कारण' असा रकाना होता आणि खाली पर्याय: पडल्याने, उष्णतेने, वाहनाखाली आल्याने, इतर. मी खोटं बोलत नाही. 'इतर'पुढं लिहिलं, 'स्वयंवर'. आठवड्यानं फोन आला, "सर, स्वयंवर मतलब?" मी त्या मुलाला सगळं आख्यान सांगितलं. तो दिल्लीकडचा असावा, पण फार भाविक निघाला, शेवटपर्यंत ऐकलं. नवीन पातं पाठवण्याबाबत वरिष्ठांशी बोलतो म्हणाला. वरिष्ठ अजून बोलून राह्यलेत.

पण जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती, अगदी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. हौशी गटात माझं नाव गेल्तं. आकूच्या हाताला अजून फडकं होतं. आता ती जेवताना उजव्या हातानं घास उचलायची, अर्धा सांडायची, पण बोलायची नाही. मी आसिफाला म्हणालो, माझं नाव काढ. ती म्हणाली, "का? माझं धनुष्य आहे ना." तिचं स्पर्धेचं, नवं. तिची स्वतःची मोठी निवड चाचणी पुढं होती, तरी ती म्हणाली. त्याची ओढ तिच्या हाताच्या मापाची. माझा कोपर अर्ध्यातच अडायचा, शाळकरी पोराचा सदरा घातल्यासारखा. पण चालवलं.

स्पर्धेचा दिवस म्हणजे खंडेनवमी. सगळी लायनीत उभी, आणि इथं मला डावखुऱ्याचं खरं दुःख कळलं. सगळे उजवे एका बाजूला तोंड करून उभे, प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते. मी एकटा उलटा. माझं तोंड थेट शेजाऱ्याच्या तोंडासमोर. शेजारी होता धम्मपाल, लोखंडाच्या कारखान्यात कामाला असलेला गुणी पोरगा. आता समोरासमोर दोन माणसं उभी राहिली की माझ्यासारख्याला काय वाटणार? टाळकऱ्यांची रांग! माझे पाय आपोआप पावली घालायला लागले. प्रत्येक बाणाआधी मी त्याला आदरानं "रामकृष्णहरी" म्हणायचो. तो सभ्य, "जय भीम, काका" म्हणायचा, आणि त्याचा बाण खाली जायचा.

थोड्या वेळानं निळ्या टोपीचे एक पंच आले. "काका, तुम्ही उलटे उभे आहात."

"मी डावखुरा आहे."

"असं चालत न्हाई. एकीकडं तोंड म्हणजे एकीकडं तोंड. शेजारी डिस्टर्ब होऊन राह्यला."

"मी काही म्हणलो न्हाई हां," धम्मपाल म्हणाला. "फक्त काका पाय आपटतात."

"उजव्या हातानं मारता येत असंल तर मारा, न्हाई तर बाजूला बसा," पंच म्हणाले. "एवढं वय झालं, अजून हात सुधारला न्हाई तुमचा?"

आसिफा लांब टोकाला मुलांसोबत होती. मी काहीतरी पुटपुटलो. धनुष्य खाली ठेवायला वाकलो. आणि मागून आवाज आला.

"कोणाचा हात सुधारायचा म्हणता?"

दुर्गाबाई! हातात पूजेचं ताट, ताटात हळद-कुंकू, नारळ, लाल नाडा. पदराला धरून आकू. खंडेनवमीला शस्त्राची पूजा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि नवरा बिनपूजेचं धनुष्य घेऊन मैदानात उभा, हे त्यांच्यानं घरी बसून सहन झालं नव्हतं.

"बाई, तुम्ही लायनीच्या बाहेर व्हा," पंच म्हणाले.

"तुम्ही व्हा बाहेर! माझ्या माणसाला हात सुधार म्हणणारे तुम्ही कोण? माझ्या सासूबाईंना शेवटचं पाणी याच हातानं पाजलं त्यांनी. गोदामातली पोती याच हातानं रचली, तुमच्या बापानं न्हाई. अहो, देवानं दोन हात दिले ते काय एक बांधून ठेवायला..."

आणि त्या थांबल्या.

मी त्यांना एवढ्या वर्षांत वाक्याच्या मध्यभागी थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. पंचांची नजर आकूकडं गेली होती.

"पोरीच्या हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं. आवाज जरा नरम झाला होता.

दुर्गाबाईंनी आकूकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग ताट गवतावर ठेवून त्या खाली बसल्या आणि सुतळीची गाठ सोडायला लागल्या. गाठ आवळलेली, नखांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडली. फडकं काढून कमरेला खोचलं आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "काही न्हाई. घाम आलाय पोरीच्या हाताला."

आकूचा हात पांढरा पडला होता, सुरकुतलेला, पावसात भिजल्यासारखा. तिनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि किती दिवसांनी बोलली. "आज्जी, मुंग्या आल्या."

आसिफा धावत आली तोवर पंचांनीच मला हातानं उभं राहायची खूण केली होती. डावखुऱ्याला कुणी अडवू शकत नाही म्हणून तिनं सांगितलं, आणि त्यांनी मान हलवली. दुर्गाबाईंनी मग सगळी स्पर्धा थांबवून धनुष्याला कुंकू लावलं, मुठीला नाडा बांधला, नारळ फोडून धम्मपालपासून पंचांपर्यंत सगळ्यांना खोबरं वाटलं. पंचांनी दोनदा घेतलं.

त्यानंतर मी बाण सोडला. डोळ्यांत पाणी होतं, पूर्वी होतं त्याहून वेगळं. बाण सरळ गेला, बरोबर पिवळ्यात बसला. पण धम्मपालच्या टार्गेटवर. मला शून्य.

धम्मपाल म्हणाला, "काका, माझ्या टार्गेटवर माझ्यापेक्षा बरं मारून राह्यले तुम्ही."

मी शेवटून पहिला आलो. अटीप्रमाणे नाव घेण्यासारखं काम काही झालं नाही. पण दुर्गाबाईंनी अट पुन्हा काढली नाही, आणि मी काढायला वेडा नव्हतो. त्या रात्री आकूनं डाव्या हातानं वरण-भात कालवला. दुर्गाबाईंनी तोंड फिरवलं, पण एवढंच म्हणाल्या, "सावकाश खा."

आता आसिफाचं सांगतो. आमच्यामुळं तिचं पहिलं धनुष्य गेलं, सरावाचे दिवस गेले, तरी ती एका शब्दानं बोलली नाही. तिची ती मोठी निवड उद्या सकाळी आहे, लांब परगावी. आज ती रेल्वेनं गेली. दुर्गाबाईंनी बांधलेला नाडा तिनं मुठीवरून काढला नाही, म्हणाली, "राहू द्या, हात घसरत न्हाई." तेव्हा उद्या सकाळी तुम्ही देवापुढं बसाल, तुमच्या त्याच्याशी जे काय बोलायचं ते बोलाल, तेव्हा तेवढी आमच्या आसिफाची आठवण ठेवा, माउली.